चिमीची खाज आणि पाच बाजारांची मुदत

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी, चैतात, बाजारच्या दिवशी सकाळी मी आमच्या खंड्या कुत्र्याला तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घातली आन् चुलीवरचा भात शिजायच्या आत तो मेला. त्याला खाज सुटलेली. पण खाजेनं न्हाय मेला, माझ्या हातानं मेला. हे मी कुणापासनं लपवलं न्हाय, आन् तुम्ही लिहून घेताय तर पयलं हेच लिहा.

माझं नाव शेवंता. जन्म निपाणीजवळच्या एका खेड्यातला, घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. मी पाळण्यात असताना आमच्या घरानं धम्म घेतला असं आई सांगते, मला त्यातलं काय आठवणार, पण एवढं आठवतंय की बाप म्हणायचा, आता ह्या घरातलं कुणी गावचं मेलेलं ढोर वडायला जाणार न्हाय, मेलेल्या जनावराला हात लावायचा न्हाय. आन् मी काय करायची, तर जित्ती जनावरं घरात आणायची. पाय मोडलेला बगळा, कुणाचं तरी टाकलेलं करडू, कुत्र्याची पिल्लं. आई म्हणायची, बापानं मेलेली सोडली आन् लेकीनं अर्धमेली धरली.

बाप लवकर गेला. आई मला घेऊन निपाणीत आली आन् तंबाखूच्या वखारीत लागली, अकराव्या वर्षी मीबी तिच्या मागनं लागले. तंबाखू कुटायची, चाळायची, काडी येगळी, पान येगळं, भुकटी येगळी. पयले चार दिवस उलट्या व्हत्यात, डोकं गरगरतं, मग अंग सरावतं. लग्न झालंतं माझं, दोन वर्षांत मी परत आले, त्याचं कारण ह्या गोष्टीत न्हाय. परत आले ती आईजवळ, त्याच वखारीत, त्याच चाळणीवर.

आता तंबाखूच्या पाण्याचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते कळत न्हाय. आमच्याकडं वखारीतल्या बाया सांजच्याला घरी जाताना पदराच्या टोकाला काड्या बांधून न्यायच्या. त्या पाण्यात उकळायच्या. ते काळं पाणी म्हशीला लावायचं, गोचीड गळत्यात. कोंबड्यांच्या खुराड्यात शिंपडायचं, पिसवा मरत्यात. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर तेच पाणी. दुसऱ्या गावात लोक लिंबाचा पाला घालत्यात, आमच्याकडं लिंबाच्या झाडाखाली बसून तंबाखूच्या काड्या उकळायच्या. माझ्या आईनं मला तसंच धुतलंय, तिच्या आईनं तिला. कुणी मेलं न्हाय. म्हणून मला वाटलं खंड्यालाबी काय व्हणार न्हाय.

खंड्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी सारखा दात लावायचा. चावून चावून तितलं कातडं वलं झालेलं, लाल. मी काय केलं, जास्त खाज म्हणून पाणी जास्त दाट केलं, आन् त्या वल्या कातड्यावर काथ्यानं चोळलं. तो वरडला. मी म्हटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. मग त्यो अंग चाटत बसला. मी भात टाकला. जरा वेळानं बघते तर तोंडातनं फेस, चारी पाय ताठ, अंग थरथर. आई म्हणाली, त्याची घटका भरली, खाज लई आत गेलती. शेजारच्या बाया म्हणाल्या, व्हय, खाज आत गेलती.  पण मला पयल्या दिवशीच्या वखारीतली माझी उलटी आठवली. त्याचं तोंड बघून मला तेच आठवलं.

दुसऱ्या दिवशी खाडा केला आन् जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं सगळे बैल, म्हशी घेऊन आलेले, मी एकटी मोकळी. डॉक्टर धारवाडकडचा, कानडी बोलणारा, मराठी त्याचं आपलं मोडकं. म्हणाला, येनम्मा, जनावर कुठं हाय? मी म्हटलं, मेलंय. तर म्हणाला, मेलेल्याला इथं औषध न्हाय. मी म्हटलं, औषध नको, कशानं मेलं तेवढं सांगा. त्यानं पेन खाली ठेवलं. मग एकेक विचारत गेला. कुठं खाजवत होतं, कातडं फुटलेलं होतं का, पाणी किती दाट, चाटलं का. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, तंबाखू फुटलेल्या कातड्यातनं आत गेलं, चाटलं ते पोटात गेलं. म्हशीचं कातडं जाड हाय, ती मरत न्हाय, म्हणून तुमाला वाटतं हे औषध हाय. हे विष हाय. कुत्रं खाजेनं मेलं न्हाय, तू मारलं.

असं तोंडावर म्हणाला. मला राग आला न्हाय. वीस जणांनी घटका भरली म्हटलेलं, एकानं खरं सांगितलं.

मी उठताना त्यानं आणखी एक सांगितलं, ते मी धरून ठेवलं. म्हणाला, तुझ्या कुत्र्याला बहुतेक पिसवा होत्या, शेपटीच्या बुडाशी खाजवतं म्हणजे पिसवा. खाज म्हणजे रोग न्हाय अम्मा, खाज म्हणजे जनावर काहीतरी सांगतंय. काय सांगतंय ते आधी बघायचं, मग हात लावायचा.

त्याच्या दुसऱ्या वर्षी चिमी आली. तंबाखू घेऊन आलेल्या एका बैलगाडीमागनं चालत आली, गाडी रिकामी होऊन गेली, ही मागं राह्यली. तांबडी, कानाला काळी किनार, मूठभर. वखारीच्या आवारात बारदानाच्या ढिगावर झोपायची, दुपारी आम्हा बायांच्या भाकरीतला तुकडा खायची, सांजच्याला माझ्याबरोबर घरी, सकाळी परत वखारीत. वखारीचे दिवाणजी होते, मालकाच्या वतीनं सगळं तेच बघायचे, ते म्हणायचे, शेवंते, हिचंबी नाव हजेरीत घालू का? मी म्हणायची, घाला की, माझ्यापेक्षा येळेवर येती.

वरसाची झाली आन् तिला खाज सुटली. पण ही खंड्यागत न्हवती. हिची कानाच्या कडेला, कोपरांना, पोटाखाली. दिवसा खाजवायची, रात्री खाजवायची, जेवता जेवता थांबून खाजवायची. कानाच्या कडेवर कोंडा धरल्यागत कवच आलं, कोपरं उघडी पडली. आन् बारदानावर बसणाऱ्या चार-पाच बायांच्या हातावर, पोटावर लाल पुरळ उठलं. मलाबी उठलं.

मग सुरू झालं. ज्या बाया तिला तुकडा टाकायच्या त्याच खडे मारायला लागल्या. एका सकाळी दिवाणजी चाळणीपाशी येऊन उभे राह्यले आन् सगळ्यांच्या देखत म्हणाले, शेवंते, तुझ्या वस्तीतली खरूज तू वखारीत आणलीस. नगरपालिकेची गाडी बोलावतो, कुत्री गाडीत जाईल. गाडीत गेलेलं कुत्रं परत येत न्हाय हे सगळ्यांना ठावं व्हतं. तवा विषाचे लाडू घालायचे.

माझा हात चाळणीवर थांबला. वस्तीचं नाव काढलं नसतं तर कदाचित मी हात जोडले असते. मी म्हटलं, दिवाणजी, खरूज कुठनं आली ते अजून कुणी बघितलेलं न्हाय. मला मुदत द्या. दिवाणजी म्हणाले, किती? आम्ही वखारीतल्या बाया दिवस मोजत न्हाय, आठवड्याचे बाजार मोजतो. मी म्हटलं, पाच बाजार. पाचव्या बाजारी ती खाजवताना दिसली तर मी माझ्या हातानं दोरी धरून गाडीत चढवीन. न्हाय खाजवली तर परत गाडीचं नाव काढायचं न्हाय. ते हसले, म्हणाले, बरं, पाच बाजार. पण तवर वखारीच्या आवारात दिसता कामा न्हाय. सगळ्या बायांनी ऐकलं.

त्याच दिवशी तिला उचलून डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं औषधाला हात लावायच्या आधी तिच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. तसा तिचा मागचा पाय आपोआप हलायला लागला, हवेतच खाजवायला लागला. डॉक्टर म्हणाला, बघितलंस? हे कज्जी, खरूज. मग पात्यानं कानाच्या कडेचं कातडं खरवडलं, जरा रगत येईस्तवर, काचेवर घेतलं, तेलाचा थेंब टाकला आन् यंत्राखाली घातलं. डोळा लावून बघितलं आन् मला म्हणाला, नोडम्मा, तूबी बघ. मी बघितलं. खेकड्याच्या पिलागत एक गोल किडा, आखूड पाय, हळूहळू हलत व्हता. काय सांगू तुम्हाला, आमची वखार भरून बाया ज्याला कुणी शाप म्हणत होत्या, कुणी वस्तीची घाण म्हणत होत्या, ते मी डोळ्यानं बघितलं. किडा व्हता.

डॉक्टरनं सांगितलं, हा कातड्यात बीळ करतो, तिथं अंडी घालतो. औषधानं किडा मरतो, अंडं मरत न्हाय. म्हणून एकदा लावून भागत न्हाय, आठ दिवसांनी परत, परत आठ दिवसांनी, चारदा तरी. मी म्हटलं, बाजाराच्या बाजाराला लावते. तो म्हणाला, बरोब्बर. गंधकाची पूड आन् करंजेल, किती आन् कसं ते त्यानं मला करून दाखवलं. आधी कोमट पाण्यानं कवचं भिजवून काढायची, चाटू द्यायचं न्हाय, ती ज्यावर झोपते ते उकळायचं न्हायतर जाळायचं. मी हातावरचं पुरळ दाखवलं. म्हणाला, कुत्र्याचा किडा माणसाला चावतो, पण माणसावर घर करत न्हाय, कुत्री बरी झाली की तुमचं जाईल, न्हाय गेलं तर माणसाच्या दवाखान्यात जा, मी गाईचा डॉक्टर.

चाटू द्यायचं न्हाय म्हणजे कसं? मी बांबूची एक जुनी बुट्टी घेतली, तिचं बूड कापलं आन् तिच्या मानेत अडकवली. बुट्टीतनं तोंड बाहेर, चाटायला गेलं की बुट्टी आडवी. सगळी गल्ली बघायला आली. शेवंताक्का, कुत्रीचं लगीन काढलंस काय, बाशिंग बांधलंय. मी म्हटलं, व्हय, वऱ्हाडाला या, पण आपापली अंगं खाजवत येऊ नका.

आन् सल्ले देणारे तर पायलीचे पन्नास. ट्रकवाला म्हणाला, जळकं आइल फास. दुसरा म्हणाला, रॉकेल. आई म्हणाली, तंबाखूचं पाणी. मी म्हटलं, आई, खंड्याला विसरलीस? ती म्हणाली, खंड्याची घटका भरलीती. एवढी वरसं माझ्या हातानं सगळ्यांना धुतलं, तुला धुतलं, मी काय इख घालत व्हते? त्या गोष्टीवर आमचं लई वाजलं. मी म्हटलं, व्हय, इखच व्हतं, मी वाचले हे माझं नशीब. आई दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय, माझ्या हातची भाकरीबी खाल्ली न्हाय. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला न्हाय. आजबी घेत न्हाय.

पयल्या बाजारी तेल लावलं, दुसऱ्या बाजारी लावलं. खाज उतरली. रात्री झोपायला लागली. मी मनात म्हटलं, जिंकलं. तिसरा बाजार यायच्या तीन दिवस आधी बघते तर कान परत लाल, परत पाय चालू, कोपरावर नवीन चट्टा.  दोन बाजार गेले, तीन राह्यले.

डॉक्टरकडं गेले. मी म्हटलं, तुमचं औषध चालत न्हाय. तो चिडला न्हाय. म्हणाला, तू बारदान जाळलंस? जाळलं. अंथरूण उकळलंस? उकळलं. आणखी कुत्रं हाय घरात? न्हाय. मग दिवसभर कुठं असते?  मी वखारीत, वखारीत तिला बंदी, मग दिवसभर ती कुठं हे मला ठावं न्हवतं. डॉक्टर म्हणाला, एक दिवस तिच्या मागनं जा. किडा कुणीतरी परत देतंय, तीच तुला घर दाखवील.

दुसऱ्या दिवशी खाडा केला, तिला सोडली आन् मागनं गेले. गल्लीतनं गेली, उकिरड्यावर थांबली न्हाय, नीट मालकाच्या बंगल्याकडं. बंगल्याला मागच्या बाजूनं एक दार हाय, तिथं उरलेला भात ठेवायचे. दाराशी एक पोतं आंथरलेलं. त्या पोत्यावर मालकाचा कुत्रा टायगर पसरलेला, केवढा मोठा, दिवाणजी रोज सांजच्याला साखळी धरून त्याला वखारीच्या आवारातनं फिरवायचे. चिमी गेली, भात खाल्ला आन् बुट्टीसकट त्याच्या कुशीत आडवी झाली. मी जवळ जाऊन बघितलं. टायगरच्या दोन्ही कोपरांवर केस न्हवते. आन् उघडं कातडं दिसू नये म्हणून त्यावर अंगाला लावायची वासाची पावडर फासलेली. मी वाकून त्याच्या कानाची कड चोळली. त्याचा मागचा पाय धाडधाड पोत्यावर आपटायला लागला.

आता सांगा, मी काय करायचं? चिमीला बांधून ठेवायचं आन् गप बसायचं, असं आई म्हणाली असती. पण चिमी सुटली की जाणार तिथंच. आन् दिवाणजी वस्तीचं नाव घेऊन गेलते ते माझ्या डोक्यातनं गेलं न्हवतं. मी मागच्या दारानं न्हाय, पुढच्या दारानं गेले. भर दुपारी.

मालक व्हरांड्यात आरामखुर्चीत. म्हणाले, आज कामावर न्हाईस व्हय? मी म्हटलं, मालक, तुमच्या टायगरला खरूज हाय, ती माझ्या कुत्रीला लागतीया, दोघांना एकदम औषध लावल्याबिगर दोघंबी बरी व्हणार न्हाईत. मालक आधी हसले. म्हणाले, अगं, तो रोज साबणानं न्हातो, दूध-भाकरी खातो, आमच्यात झोपतो, त्याला कुठली खरूज? खरूज तुमच्या वस्तीत. मी म्हटलं, मालक, किड्याला बंगला आन् वस्ती कळत न्हाय, त्याला कातडं कळतं. मग ते हसायचे थांबले, उठून उभे राह्यले, म्हणाले, शेवंता, जीभ सांभाळ, उद्यापासनं वखारीत यायचं का न्हाय ते ठरव.

मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. पण खाज वस्तीतनं आली आसंल तर माझ्या गल्लीतली एकबी दुसरी कुत्री का खाजवत न्हाय, ते आधी बघून या.

तेवढ्यात आतनं त्यांच्या धाकट्या सूनबाई बाहेर आल्या. त्या टायगरचं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या. म्हणाल्या, मामंजी, बाई खरं बोलतात. आन् त्यांनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मनगटापासनं कोपरापर्यंत लाल पुरळ, नखानं वरबडलेलं. म्हणाल्या, महिना झाला, मला झोप नाही, तुम्हाला सांगायची भीती वाटली. मालकांनी त्यांच्या हाताकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. दोन्ही हातांवर एकच पुरळ. मग खुर्चीत बसले आन् म्हणाले, डॉक्टरला बोलावून घ्या. 

डॉक्टर बंगल्यावर गेला. मी तिथं न्हवते, पण त्यानं मला नंतर सांगितलं, टायगरच्या कातड्यात किडे चिमीपेक्षा जास्त मिळाले, आन् रोज साबण लावून लावून कातडं कोरडं पडलेलं ते येगळंच. तिसऱ्या बाजारी एकाच दिवशी दोघांना तेल लागलं. चौथ्या बाजारी परत. चिमी घरात बांधून, टायगर बंगल्यात बांधून. सूनबाईंनी त्यांच्या हातानं तेल लावलं असं ऐकलं. मला कामावरनं कुणी काढलं न्हाय, पण मुदत मोडा असंबी कुणी म्हणालं न्हाय. दिवाणजी म्हणाले, बोललं ते बोललं.

पाचव्या बाजारी सकाळी गाडी वखारीच्या दारात आली. दोन माणसं, काठ्या, फास. सगळ्या बाया चाळण्या सोडून आवारात. मी चिमीला घेऊन आले, मानेतली बुट्टी काढली आन् मधोमध बसवली. खाज गेलती, पण केस अजून आले न्हवते, कोपरं उघडी, कान उघडे, दिसायला ती सोललेल्या रताळ्यागत. दिवाणजी म्हणाले, हे बघा, ही बरी झालेली कुत्री! केस कुठं हायत?

मी म्हटलं, दिवाणजी, ठरलं व्हतं खाजेचं. केसाचं ठरलं न्हवतं. किडा मरतो आज, केस येत्यात दोन महिन्यांनी. ती खाजवताना दाखवा आन् घेऊन जा. गाडीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, बाई, आमाला दुसऱ्या गल्लीत जायचंय. मी तिला मांडीवर घेतलं आन् गाडीच्या चाकापुढं बसले. दोन्ही हात वर केले, पुरळ अजून जरा व्हतं. म्हटलं, खाज येईल त्याला गाडीत घालायचं आसंल तर आधी मला घाला, माझ्याबी अंगावर हाय. तो म्हणाला, माणसांसाठी येगळी गाडी असती, बाई. सगळ्या हसल्या. दिवाणजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, म्हणाले, ठीक हाय, अर्धा तास बघू.

आन् मग अर्धा तास ती सगळी वखार एका कुत्रीकडं बघत उभी. माशी बसली तर सगळ्यांचा श्वास थांबायचा. तिनं एकदा मागचा पाय उचलला, मी डोळे मिटले, तर तिनं तो ताणला, जांभई दिली आन् परत पडली. दिवाणजी म्हणाले, माणसं बघून दबलीया, एरवी खाजवत आसंल. मी म्हटलं, मग डॉक्टर करतो तसं करा, कानाची कड चोळा, खरूज असली की पाय हलतोच, दाबून ऱ्हात न्हाय. पण हात कोण लावणार? कुणी पुढं येईना. दिवाणजी एक पाऊल मागं सरले.

मग माझी आई पुढं आली. माझ्याशी कामापुरतंच बोलत व्हती ती, चार बाजार. खाली बसली, दोन बोटांत कानाची कड धरली आन् चोळली. चोळत ऱ्हायली. पाय हलला न्हाय. दुसरा कान चोळला. पाय हलला न्हाय. आईनं मान वर करून दिवाणजींकडं बघितलं आन् तवा सगळ्यांनीच बघितलं, दिवाणजी उभ्या उभ्या आपला डावा दंड खाजवत व्हते. रोज सांजच्याला टायगरची साखळी त्याच हातात असायची. आई म्हणाली, दिवाणजी, हिला न्हाय येत खाज. तुमास्नी कवा न्यायची गाडी?

गाडी मोकळी गेली. दिवाणजी पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेले असं ऐकलं, मी बघितलेलं न्हाय. वस्तीचं नाव मात्र त्यांनी परत माझ्यापुढं काढलं न्हाय, हे ऐकीव न्हाय, माझं ठावं असलेलं सांगते.

तवापासनं लोक माझ्याकडं कुत्री घेऊन येत्यात, खाडा असला की दारात दोन-तीन असत्यातच. मी डॉक्टर न्हाय, हे मी पयलं सांगते. मी औषध देत न्हाय, मी बघते. कुठं खाजवतंय? शेपटीच्या बुडाशी, तर केस बाजूला करून बघ, काळी भुकटी दिसंल, वल्या फडक्यावर टाकली की तांबडी व्हती, म्हणजे पिसवा. निस्ता कान हलवतंय, डोकं आपटतंय, तर कानात बघ, काडी घालू नको. पावसात निस्तं पायाच्या बोटांत चाटतंय, तर घरी आलं की पाय पुसून कोरडे कर. गोल गोल चट्टे, खाज कमी, तर ते येगळं. एकच खाणं बदललं आन् तवापासनं सुरू झालं, तर ते खाणं थांबवून बघ. आन् कळलं न्हाय तर दवाखाना हाय, चालत जा, लाजू नको. लोकांना हे आवडत न्हाय. त्यांना एक बाटली पाह्यजे, सगळ्याला चालणारी. सगळ्याला चालणारी बाटली घेऊनच मी एक कुत्रं मारलंय, मी सांगते, मग गप ऐकत्यात.

कुणी विचारतं, शेवंताक्का, माणसाला खायला न्हाय आन् तू कुत्र्याच्या खाजेचं काय घेऊन बसलीस? मी म्हणते, ज्याला खाज न्हाय त्याला हे कळायचं न्हाय. माझ्याबी अंगाला व्हती, मला ठावं हाय रात्र कशी जाती. जनावराला हात न्हाईत, बोलता येत न्हाय, आन् वर त्यालाच गाडीत घालायचं? मी त्या चाकापुढं परत बसंन.

डॉक्टरची बदली झाली, कुठं गेला ठावं न्हाय. टायगर चार वरसांनी म्हाताऱ्या वयानं गेला. आई अजून हाय, माझ्याबरोबरच ऱ्हाते. चिमीला नऊ वरसं पुरी झाली. तीन येळा व्याली, अकरा पिल्लं झाली, सात जगली, त्यातलं एक बंगल्यावर हाय, सूनबाई येऊन घेऊन गेल्या. आता तिचा डावा डोळा गेलाय, दात थोडे ऱ्हायलेत, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागती. आज सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. आत्ता उंबऱ्यापाशी उन्हात झोपलीया.